मे महिन्यात वाढणारी विहीर

“मॅडम, हे वाचा. विहिरीला पाणी वाढलं म्हणून तक्रार,” आमच्या ऑफिसातल्या क्लार्कनं कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि हसला.

हसण्यासारखंच होतं. मे महिना होता. औरंगाबादला गारखेड्यात माझ्या घरी आठवड्यातून एकदा नळ येत होता. आणि इथं कुणीतरी पाणी जास्त झालं म्हणून सरकारकडं दाद मागत होतं.

कागद वहीचा होता. बॉलपेन दाबून लिहिलेलं जाड अक्षर. ‘आजूबाजूच्या समद्या विहिरी आटल्या. आमच्या विहिरीचं पाणी महिनाभरात सात पायऱ्या वर आलं. आधी आनंद वाटला. आता पाण्याला पिवळा रंग आहे, वास येतो, मोसंबीची पानं गळायलीत. साहेबांनी येऊन बघावं.’ खाली सही होती, शालन. आणि गावाचं नाव.

मी तो कागद तीनदा वाचला. ते माझं गाव होतं. आणि शालन माझी मैत्रीण होती. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीची.

मी सरकारी वैज्ञानिक. काम जल प्रदूषण नियंत्रणाचं. लोकांना वाटतं, आम्ही नद्या साफ करतो. तसं काही नाही. आम्ही पाणी बाटलीत भरतो, तपासतो आणि आकडे लिहितो. ते आकडे उद्या कोर्टात टिकले पाहिजेत, एवढीच आमची कला. माझी बहुतेक नोकरी लॅबमध्ये गेली. सॅम्पल आणायचं काम फील्ड ऑफिसरचं. पण त्या मे महिन्यात आमचे फील्ड ऑफिसर इलेक्शन ड्यूटीवर होते.

जोगदंड साहेब आमचे प्रमुख. त्यांनी तक्रार वाचली. “तुम्ही जाऊन येता का, मॅडम? हे गाव कुठंशी आलं, माहितीये?”

“गंगापूर रोडला आत आहे, सर. सापडेल.”

‘सापडेल’ म्हटलं मी. माझं गाव आहे, असं म्हटलं नाही. आमच्या कामात तक्रारदाराशी ओळख असेल तर ती आधी सांगायची असते, आणि मग दुसरा माणूस जातो. हा नियम मी स्वतः नव्या लोकांना शिकवत आले होते. पण मला जायचं होतं.

माझे वडील शालनच्या मळ्यात सालगडी होते. आम्ही बौद्ध वस्तीतले. मळ्यातल्या त्या दगडी विहिरीला चाळीसेक पायऱ्या होत्या. शालन त्या धावत उतरायची. मी वर काठावर उभी राहायची. पायऱ्या आमच्यासाठी नव्हत्या. तसं कुणी मोठ्यानं सांगत नसे, सगळ्यांना माहीत होतं. एकदा मी तीन पायऱ्या उतरले, तर शालनचे चुलते नुसते खाकरले. मी वर आले. शालन कळशी भरून वर यायची आणि माझ्या ओंजळीत पाणी ओतायची. गार आणि गोड पाणी. मला ती चव अजून आठवते.

मी दहा वर्षांची असताना वडलांनी औरंगाबाद गाठलं. पडेगावला एका खोलीत आम्ही सहा जण राहिलो. मी शाळेत गेले, कॉलेजात गेले, केमिस्ट्री घेतली. गाव सुटलं म्हणूनच हे झालं. त्यामुळं गाव सुटल्याचं कुणाला वाईट वाटलं नाही, वाटायचं कारणही नव्हतं. मलाच अधूनमधून त्या पाण्याची आठवण यायची. ज्या विहिरीनं पायरीवर पाय ठेवू दिला नाही, तिची ओढ वाटते, हे कुणाला सांगणार? आईला सांगितलं असतं तर तिनं मला वेड्यात काढलं असतं. म्हणून कधी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी मी आणि रहीमभाई निघालो. रहीमभाई आमचे फील्ड असिस्टंट. तीस वर्षं बर्फाची पेटी आणि सॅम्पलच्या बाटल्या वाहिलेला माणूस. सकाळी दहाला आम्ही मळ्यात पोचलो.

शालन बांधावर उभी होती. केस पांढरे, अंग वाळलेलं, डोक्यावर पदर. नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली होती, भाऊ शहरात नोकरीला, शेती तीच बघत होती, हे मला नंतर कळलं. तिनं मला ओळखलं नाही.

“या मॅडम. ही बघा बाग,” ती म्हणाली. मोसंबीची झाडं उभी होती, पण फांद्या उघड्या पडल्या होत्या. खाली पिवळ्या पानांचा खच. “पोरावानी वाढवलीत. पाणी तुटलं असतं तर मन समजवलं असतं. पाणी हाय आन् जळायलीत.”

आम्ही विहिरीवर आलो. रहीमभाईंनी दोरी आणि वजनाची बाटली काढली. वरूनच सॅम्पल घेता येतं, तीच पद्धत आहे.

“राहू द्या, रहीमभाई. मी खाली जाते.”

“काहे को, मॅडम? पायऱ्या निसरड्या दिसायलेत.”

“जाते.”

पहिल्या पायरीवर मी थांबले. शालन मागून म्हणाली, “उतरा की मॅडम. पायऱ्या मजबूत हायेत.”

मी उतरले. एकेक मोजत उतरले. बाविसाव्या पायरीला पाणी होतं. पिवळसर, वर तेलासारखा तवंग, आणि लॅबमध्ये सॉल्व्हंटची बाटली उघडी राहिली की येतो तसा वास. मी वाकले. हात पाण्याकडं गेला तो माझ्याही नकळत.

“पिऊ नका, मॅडम!” वरून शालन ओरडली. “गुरं बी तोंड लावंनात.”

मी बाटली बुडवली. बाटलीत बुडबुडा राहू द्यायचा नसतो, म्हणून ती पाण्याखालीच बंद करावी लागते. तेवढं काम नीट केलं. मग थोडा वेळ तिथंच बसून राहिले. रहीमभाईंना वाटलं, मला चक्कर आली.

वर आल्यावर फॉर्म भरला. तक्रारदार म्हणून शालननं सही केली आणि वर छापलेलं माझं नाव वाचलं. बोट ठेवून वाचलं.

“विमल...” ती माझ्याकडं बघत राहिली. “इमल? दगडूकाकाची इमल?”

“व्हय,” मी म्हटलं. इतक्या वर्षांनी तोंडात तो शब्द आपोआप आला.

तिनं माझा हात धरला. मग म्हणाली, “तवा तू वर उभी ऱ्हायची. मी काय बोलले नाय कुणाला.”

“तू दहा वर्षांची होतीस गं.”

“तरी बी.”

जाताना तिनं स्वयंपाकघरातलं कॅलेंडर दाखवलं. पाणी वरून कितव्या पायरीला आहे, ते ती रोजच्या तारखेखाली लिहीत होती. बागेला पाणी किती सोडायचं ते ठरवायला तिच्या बापानं लावलेली ही सवय. एप्रिलच्या सुरुवातीला बत्तीस. मग एकतीस, तीस, अठ्ठावीस. पाणी चढत होतं. मी कॅलेंडरचा फोटो घेतला.

आता थोडं शास्त्र. आपल्याकडं जमिनीखाली काळा बेसाल्ट खडक आहे. तो वाळूसारखा पाणी शोषत नाही. पाणी त्याच्या भेगांतून चालतं. एखादी भेग दोन शेतांपलीकडची असली तरी विहिरीला पाझर तिथूनच येतो. म्हणजे शेजारच्या विहिरी कोरड्या आणि हिची भरलेली, याचा अर्थ एकच. हिच्या भेगेत कुणीतरी पाणी ओतत होतं.

लॅबचे आकडे आले. टीडीएस, म्हणजे पाणी पूर्ण आटवल्यावर तळाशी उरतं ते, पिण्याच्या मर्यादेच्या कितीतरी वर. सीओडी, म्हणजे पाण्यातली घाण जाळायला लागणारा ऑक्सिजन. चांगल्या विहिरीत हा आकडा जवळपास शून्य असतो. इथं कारखान्याच्या सांडपाण्यात असावा तसा होता. वाटेतल्या एका हापशाचंही सॅम्पल मी घेतलं होतं. ते विहिरीपेक्षा वाईट निघालं. हापशाच्या पुढं, दोन शेतं सोडून, रंगासाठी लागणारी रसायनं बनवणारा एक कारखाना होता.

जोगदंड साहेबांनी अधिकारपत्र दिलं. दोन दिवसांनी आम्ही कारखान्यात गेलो.

मॅनेजर हसतमुख. चहा, थंड पाण्याची बाटली, फाईल तयार. “मॅडम, आमचं झीरो डिस्चार्ज आहे. एक थेंब बाहेर जात नाही.”

झीरो डिस्चार्ज म्हणजे सांडपाणी साफ करून आतच पुन्हा वापरायचं. तशी परवानगी कागदावर होती. साफ करायचा प्लँटही चालू होता, शेवटच्या टाकीतलं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ होतं. पण कारखाना जेवढं पाणी घेत होता, त्या मानानं ही टाकी फारच लहान होती.

“बाकीचं पाणी कुठं जातं?”

“गार्डनला, मॅडम.”

बाहेर येऊन आम्ही गार्डन पाहिलं. लॉनच्या काड्या झाल्या होत्या. गेटजवळची जास्वंद वाळून गेली होती.

प्लँटच्या भिंतीवर पाच स्टार्टर होते. पाचव्यावर ‘गार्डन’ असं लिहिलेलं. रहीमभाई त्याची वायर धरून मोटरपर्यंत गेले आणि मोटरवर हात ठेवला.

“मॅडम, बाग सूखी, मोटर गरम. कैसा क्या?”

मोटरचा पाईप जनरेटरच्या खोलीमागं जात होता. तिथं रिकामे ड्रम रचून ठेवले होते.

“ड्रम हलवा.”

“मॅडम, त्याला हेड ऑफिसची परमिशन लागेल.”

“ठीक आहे. ‘ड्रम हलवायला नकार दिला’ असं पंचनाम्यात लिहिते. सही करा.”

ड्रम हलले. खाली लोखंडी पत्रा. पत्रा उचलला तर सहा इंची बोअर, आणि त्यात सोडलेला पाईप. आतून पाणी पडल्याचा आवाज येत होता. खोल.

मग मॅनेजर म्हणाला, “हे रेन वॉटर हार्वेस्टिंग आहे, मॅडम. पावसाचं पाणी जिरवायला.”

“मे महिन्यात?”

त्यानं घाम पुसला.

आम्ही पाईपमधलं पाणी घेतलं. अशा सॅम्पलचे दोन भाग करतात, दोन्ही त्यांच्या समोर लाखेनं सील करतात, दोन्हींवर त्यांची सही घेतात. एक भाग आमच्या लॅबला, दुसरा बाहेरच्या सरकारी लॅबला. म्हणजे नंतर आम्ही खोटं केलं असं म्हणता येत नाही. दोन पंच होते. फोटो काढले. परत येताना रहीमभाई गाडीत गाणं गुणगुणत होते. मला वाटत होतं, वळून सरळ शालनकडं जावं आणि सांगावं. गेले नाही, तेवढं भान ठेवलं.

दहा दिवसांनी जोगदंड साहेबांनी आत बोलावलं. टेबलावर एक पत्र होतं. वरच्या ऑफिसातून आलेलं.

“मॅडम, तुमचं मूळ गाव कोणतं?”

मी सांगितलं.

“‘सापडेल’ म्हणालात ना?” त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं. “कारखान्यानं लिहून दिलंय. तपासणारी अधिकारी तक्रारदाराची मैत्रीण आहे, विहिरीतलंच पाणी आणून आमच्या नावावर भरलं. कसं कळलं त्यांना, माहितीये? तुमच्याच गावात. लोक अभिमानानं सांगत सुटलेत, आमच्या गावची पोरगी साहेबीण झाली.”

आमच्या गावची पोरगी. मी मान खाली घातली. त्या शब्दांनी बरंही वाटलं, आणि त्याच शब्दांनी केस मोडत होती.

“का केलंत असं?”

“मला ती विहीर बघायची होती, सर.”

त्यांनी टेबलावरचं पत्र फाईलला लावलं. “हे ज्ञापनाच्या उत्तरात लिहू नका,” एवढंच म्हणाले. ज्ञापन म्हणजे खुलासा मागणारं सरकारी पत्र. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत मला मिळालेलं पहिलं आणि शेवटचं.

दुसऱ्या जिल्ह्यातली टीम पुन्हा तपासायला आली. तोवर जनरेटरच्या खोलीमागं गुळगुळीत कोबा झाला होता. पाईप नाही, पत्रा नाही, पाचवा स्टार्टर नाही. त्यांनी रिपोर्ट दिला, बोअर आढळला नाही. माझे फोटो जुन्या, नंतर बुजवलेल्या खड्ड्याचे आहेत, असं कारखान्याचं म्हणणं. सीलबंद दुसऱ्या भागाचे आकडे माझ्याशी जुळले, पण त्याचा उपयोग नव्हता. बाटलीत काय आहे यावर वाद नव्हताच. ते कुठून भरलं, यावर होता. पंच कारखान्यातलेच होते, ते फिरले, आणि सही दबावाखाली केली असं मॅनेजर म्हणत होता. आणि भरणारी मी होते.

सुनावणीला शालनला बोलावलं. ती एसटीनं आली, कापडी पिशवी छातीशी धरून. मला बोलायची परवानगी नव्हती, मी मागच्या खुर्चीत.

कारखान्याच्या वकिलानं पहिलाच प्रश्न केला, “बाई, ह्या मॅडम तुमच्या मैत्रीण ना?”

“व्हय.”

“लहानपणापासून?”

“व्हय. मधी लई वर्सं गाठ नव्हती.”

वकील सुनावणी घेणाऱ्या आमच्या वरिष्ठांकडं बघून हसला. शालननं पिशवीतून कॅलेंडर काढलं आणि टेबलावर पसरलं.

“साहेब, ही माज्या हिरीची मोजणी. मॅडम फॅक्टरीत गेल्या त्या दिशी पाणी बाविसाव्या पायरीला व्हतं. तिथनं आठ दिवसांत एकोणतिसाव्या पायरीला गेलं. मी उपसा केला नाय, मोटर तर पानं गळायला लागली तवापासनं बंद हाय. वरून पाऊस नाय. मंग सात पायऱ्या पाणी गेलं कुठं?”

तिनं त्या तारखांवर बोट ठेवलं.

“मॅडम माजी मैत्रीण हाय,” शालन पुढं म्हणाली. “पायऱ्या माज्या मैत्रिणी नायत.”

वरिष्ठांनी कॅलेंडर जवळ ओढलं. मग दुसऱ्या टीमचा रिपोर्ट मागितला आणि विचारलं, कोबा कधी केला? टीमनं तारीख विचारली नव्हती, पण कोबा ताजा आहे असं एका ओळीत लिहिलं होतं. मॅनेजरकडं बिल मागितलं. तो फाईल चाळत राहिला. मग हुकूम निघाला, कोबा फोडून बघा. फोडला. खाली बोअर होता.

कारखाना बंद करायचा आदेश निघाला, वीज तोडली. कोर्टातली केस अजून चालू आहे. आणि मला फील्डवर न पाठवण्याचा वेगळा आदेश निघाला. तोही योग्यच होता. शालनच्या बापानं तिला कॅलेंडर भरायची सवय लावली नसती, तर माझ्या एका शब्दामुळं ती माणसं सुटली असती. नव्या लोकांना मी आता हेच सांगते. ओळख असेल तर पहिल्या दिवशी लिहून द्या आणि घरी बसा. मनात कितीही असलं तरी घरीच बसा.

निवृत्तीपर्यंतची वर्षं मी लॅबच्या बेंचवर काढली. त्या विहिरीचं सॅम्पल दर तीन महिन्यांनी यायचं, पण लॅबमध्ये बाटलीवर गावाचं नाव नसतं, कोड नंबर असतो. तपासणाऱ्याला कळू नये म्हणून. वीस-पंचवीस बाटल्या रांगेत असायच्या. मी उजेडात धरून बघायची, ही असेल का, ती असेल का. कधी एखादीला हलका पिवळा रंग दिसला की ती हातात जास्त वेळ राहायची. विचारलं असतं तर कुणीतरी सांगितलंही असतं. मी विचारलं नाही.

निवृत्त झाल्यावर पहिल्याच आठवड्यात गावाला गेले. आता कुणाची परवानगी लागत नव्हती. मोसंबीची बाग शालननं उपटून टाकली होती. तिथं तूर होती, पावसाच्या भरवशावर. प्यायला गंगापूरहून जार येत होता. विहिरीतल्या पाण्याचा पिवळा रंग गेला होता, वासही गेला होता. दिसायला पाणी अगदी स्वच्छ. शालनला आलेला रिपोर्ट मात्र मी आल्याबरोबर वाचला होता. क्षार आणि रसायनं अजून होती.

आम्ही दोघी विहिरीच्या पायऱ्यांवर बसलो. पाण्याच्या जरा वर. ऊन उतरलं होतं.

“कधी पिता यील गं, इमल?”

“सांगता येत नाही.”

“तू तर सायंटिस्ट.”

“म्हणूनच.”

ती हसली. जारमधलं पाणी तिनं तांब्यात आणलं होतं, ते प्यायलो.

नदी बिघडली तर दोन पावसाळ्यांत थोडी तरी धुऊन निघते. खडकाच्या भेगेत गेलेलं पाणी तिथंच बसतं. त्या लोकांना ते आत ओतायला एक उन्हाळा पुरला. बाहेर काढायचा उपाय आमच्या कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही. मी शोधलाय.